रक्ताला थंडी वाजते

थंडीच्या दिवसांत आमचे सर दुसऱ्यांचं रक्त स्वतःच्या बंडीत घालून फिरायचे. धारच्या एका शिंप्याकडून त्यांनी तीन बंड्या मुद्दाम शिवून घेतल्या होत्या. प्रत्येकीला आतून, डाव्या बाजूला, काखेपासून खाली बोटभर रुंदीचे आठ खिसे. एका खिशात एक नळी, लाल झाकणाची. बंडीवर सदरा, सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर कोट आणि सगळ्यावरून मफलर. अशा थाटात ते सकाळी धारच्या स्टँडवर बसमध्ये चढायचे, इंदूरला गाडी बदलायचे आणि बाराच्या आत देवासला माझ्या लॅबमध्ये हजर व्हायचे. आले की रिसेप्शनपाशीच एकेक कपडा उतरवायला सुरुवात. बाकावर बसलेल्या बायका तोंड फिरवायच्या आणि आमची रिसेप्शनिस्ट रजिस्टरमध्ये डोकं खुपसायची.

"सर, आत चला ना," मी म्हणायचे.

"आत जाईपर्यंत गार होतील ना, भिया! तू पहले नळ्या घे."

भिया म्हणजे मी. सर सगळ्या विद्यार्थ्यांना भिया म्हणत, मुलींनाही. माळव्यात भिया म्हणजे भाऊ हे त्यांना कुणी सांगितलं की म्हणत, "वर्गात मुलगा-मुलगी काही नसतं. एक तर आतले असतात, नाही तर बाहेरचे."

बसचे कंडक्टर त्यांना खूनवाले सर म्हणून ओळखत आणि इंजिनाजवळची उबदार जागा त्यांच्यासाठी राखून ठेवत. शेजारी बसणाऱ्याला सर आधीच बजावत, "भाई साहब, इधर से धक्का मत देना, इधर आठ आदमी सोए हैं." साखरेची तपासणी असेल तर तिची नळी मात्र कोटाच्या बाहेरच्या खिशात, गारठ्यात. कारण विचारलं तर सांगत की ऊब मिळाली की पेशींना भूक लागते आणि त्या नळीतली साखर खाऊन बसतात. बाकीच्यांना मात्र उबेतच न्यायचं. "रक्ताला थंडी वाजते," हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचं की लॅबमध्ये आम्ही पोरी त्यांची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल मी करायचे.

सरांच्या घराण्यात पूर्वी कुणी धार संस्थानात कामदार, म्हणजे कारभारी, होते. त्याचं आता एवढंच उरलं होतं की सर जेवताना उघडे बसत नसत आणि पाहुण्याला दारापर्यंत नव्हे, रस्त्यापर्यंत पोहोचवायला येत. बाकी ते सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. म्हणजे नावाला प्राणिशास्त्र. बेडूक, झुरळ, गांडूळ हे सगळं दिवाळीच्या आत उरकून टाकायचे आणि मग उरलेलं वर्ष तांबड्या पेशीचं. पेशी पण अख्खी नाही, तिचं फक्त पातळसं आवरण. त्या आवरणातून कोण आत जातं, कोण बाहेर येतं, आणि का, यावर त्या माणसाने आयुष्य घालवलं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी दाराकडे बघत बसायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांना नवरा-नवरी कशी होती विचार, सांगता यायचं नाही. किती आत गेले नि किती बाहेर आले ते बरोब्बर सांगतील."

वर्गात रक्त लागलं की ते स्वतःचंच काढत. विद्यार्थ्याच्या बोटाला त्यांनी कधी सुई लावली नाही. एक थेंब साध्या पाण्यात, एक नेमक्या मिठाच्या पाण्यात, एक जास्त मिठाच्या पाण्यात. पहिल्यातली पेशी पाणी पिऊन फुटते, दुसऱ्यातली सुखात राहते, तिसऱ्यातली सुकते. वर्षानुवर्षं टोचून त्यांची बोटं खरखरीत झाली होती. काकूंची कायमची तक्रार असायची की ह्यांना लिंबू पिळायला सांगितलं की ओरडतात. मी त्यांच्या घरी तीन वर्षं जेवले असेन. माझं घर देवासला, राहणं धारच्या होस्टेलमध्ये, आणि होस्टेलची डाळ अशी की तीत वाटीचा तळ दिसायचा. काकू काही न बोलता पान वाढायच्या. साबुदाण्याच्या खिचडीवर शेव घालायच्या, आणि पुण्याहून आलेल्या नातेवाइकांनी नाक मुरडलं की म्हणायच्या, "आमच्याकडे असंच खातात हो."

सरांचा एक तास मला आजही घटकाघटकाने आठवतो, आणि तो आठवू नये म्हणून मी पुष्कळ खटपट केली आहे.

त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की हा वर्ग म्हणजे तांबडी पेशी आणि बाहेरचा व्हरांडा म्हणजे रक्तातलं पाणी. मुली पोटॅशियम, त्यांनी आत राहायचं. मुलं सोडियम, त्यांनी बाहेर. वर्गाच्या दोन्ही खिडक्या त्यांनी उघडल्या. "ह्या खिडक्यांतून कोणी पण येऊ-जाऊ शकतं, फुकट. इसलिए तर पंचाईत आहे." मग त्यांनी मला दारात उभं केलं. माझा आवाज मोठा, म्हणून मी पंप. माझं काम असं की खिडकीतून आत घुसलेल्या तीन मुलांना दाराने बाहेर हाकलायचं आणि बाहेर गळालेल्या दोन मुलींना आत ओढायचं. प्रत्येक खेपेला सर माझ्या तळहातावर एक शेंगदाणा ठेवत. तो खाल्ल्याशिवाय पुढची खेप करायची नाही.

"तीन बाहेर, दोन आत! शाबास भिया! खा शेंगदाणा!"

वर्गात नुसता धुडगूस. मुलं खिडकीतून उड्या मारतायत, मुली पळतायत, मी घसा ताणून ओरडतेय. दहा मिनिटांत मी घामाघूम झाले, पण एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसली. इतका गोंधळ चालला असूनही वर्गात मुली जास्त आणि व्हरांड्यात मुलं जास्त, हा हिशेब काही मोडत नव्हता.

मग सरांनी मुद्दाम आणलेली शाल माझ्या डोक्यावर टाकली. "आता थंडी पडली. पंप झोप गया. बस खाली."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं. मी शाल पांघरून दारात बसले. खिडक्या उघड्याच होत्या. पाच मिनिटांत मुलं-मुली सगळी एक झाली, निम्म्या मुली व्हरांड्यात पोहोचल्या, आणि नेमके तेव्हाच प्रिन्सिपल साहेब आले.

"ये क्या चल रहा है?"

"साहब, थंडी पडली है," सर म्हणाले.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. सरांना नोटीस मिळाली. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, लोहारद्याच्या बाजूला, आणि त्यांच्या जागी कुणाचा तरी भाचा आला. त्याबद्दलही त्यांनी कधी कटकट केली नाही. पेशीच्या आवरणात अशी एक जागा असते म्हणे, तिथे एक क्लोराइड आत गेल्याशिवाय एक बायकार्बोनेट बाहेर येत नाही. "अदलाबदलीच आहे. माझा नंबर लागला." एवढं बोलून त्यांनी ट्रंक बांधली.

सांगायचा मुद्दा असा की गारठ्यात पंप थांबतो, खिडक्या उघड्याच राहतात, आणि पेशीतलं पोटॅशियम बाहेरच्या पाण्यात येऊन पडतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. देवास जिल्ह्यात लॅब चालवणाऱ्या कुणालाही ते कदाचित ठाऊक नसेल. मला होतं. मी स्वतः शाल पांघरून दारात बसले होते.

निवृत्त झाल्यावर सर धारला परत आले आणि एक दिवस माझ्या लॅबमध्ये येऊन उभे राहिले. "काम दे भिया. घरी बसलो तर तुझी काकू मला भाजी निवडायला बसवेल." मी त्यांना धारचं कलेक्शन सेंटर दिलं. त्यांच्याच घराची पुढची खोली. ते स्वतः रक्त काढत. रक्त काढताना सुईला ओढ द्यायची नाही असा त्यांचा दंडक होता. "ओढू नये, येऊ द्यावं," म्हणत. नळी कुणी हलवली की अंगावर धावून जात. सहा वर्षं असं चाललं. सहा हिवाळे ते बंडीत रक्त घेऊन येत राहिले, आणि धारचे रिपोर्ट चुकले अशी तक्रार मला एकदाही ऐकू आली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. न चुकणाऱ्या गोष्टींकडे कोण बघतं?

मग मला प्रमाणपत्राचा नाद लागला. देवासमध्ये मोठमोठ्या कंपन्यांच्या लॅब येऊ लागल्या होत्या, चकचकीत काचांच्या. आपल्याही भिंतीवर गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागलं तर आपण टिकू, असं मला वाटलं. इंदूरहून एक सल्लागार बोलावला. टाय, लॅपटॉप आणि हातात यादी. यादीत लिहिलं होतं की बाहेरगावचे सगळे नमुने दोन ते आठ अंशांत, बर्फाच्या पेटीतून यावेत. धार, पीपलरावां, सगळीकडून संध्याकाळी एकच गाडी नमुने उचलेल, रात्रभर ते फ्रीजमध्ये राहतील आणि सकाळी मशीनवर लागतील. सगळे म्हणजे सगळे. मी यादी वाचली. पोटॅशियमचा नमुना त्यात कसा चालेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. अगदी आला होता. पण सल्लागाराने अशा पन्नास लॅब केल्या होत्या आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून मी सही केली.

हे चाललं असताना सर आले. नेहमीसारखे रिसेप्शनपाशी उभे राहून त्यांनी मफलर सोडला, कोट काढला, सदऱ्याची बटणं सोडायला लागले.

सल्लागाराच्या भुवया वर गेल्या. "ये कौन हैं, मॅडम?"

मी म्हणाले, "ये हमारे धार के कलेक्शन एजेंट हैं."

एवढंच म्हणाले. हे माझे गुरू आहेत, असं म्हणायला पाच शब्द जास्त लागले नसते. वर आणखी मी सरांकडे वळून, सल्लागाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दादा, आज के बाद ये सब बंद. कल से बरफ की पेटी आएगी, उसी में सैंपल रखना है." मी आयुष्यात त्यांना सर सोडून दुसरी हाक मारली नव्हती. दादा आम्ही चपराशाला म्हणतो.

सरांचा हात तिसऱ्या बटणावर होता. त्यांनी बटणं परत लावली. आठ नळ्या वळून भिंतीकडे तोंड करून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"बर्फात पंप बंद पडतो, मॅडम," ते म्हणाले. मॅडम हे त्यांच्या तोंडून प्रथमच. "ठीक आहे, नियम आहे तर आहे. निदान मला धारलाच नळी मशीनवर फिरवून रक्त आणि वरचं पाणी वेगळं करू द्या. मग ते पाणी बर्फात ठेवा नाही तर हिमालयावर ठेवा, बिल्कुल फरक पडायचा नाही."

सल्लागार म्हणाला की मधे नळी उघडली की सील तुटतं. मी सरांना म्हणाले, "सील तुटतं." जणू मी दुभाषी होते.

त्या हिवाळ्यात दोन महिने धारचं रक्त बर्फातून आलं.

धारला एक मावशी होत्या. मोहनखेड्याला यात्रेकरूंच्या स्वयंपाकाला जात, शेकडो पोळ्या लाटत. हृदयाचा त्रास म्हणून डॉक्टरांनी त्यांना लघवी होण्याची गोळी आणि सोबत पोटॅशियमचं औषध दिलेलं होतं, कारण त्या गोळीने पोटॅशियम वाहून जातं. त्यांचा नमुना आमच्याकडे आला. रिपोर्ट निघाला: पोटॅशियम जास्त. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून औषध बंद केलं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. "मॅडम, तो रिपोर्ट गळतीचा आहे. बाईच्या अंगात पोटॅशियम कमी असणार. फिरून बघा."

मी त्याच नळीतलं पाणी पुन्हा मशीनवर लावलं. तोच आकडा आला. पुन्हा लावलं, पुन्हा तोच. मी सरांना अभिमानाने कळवलं की तीनदा केलं, तिन्हीदा एकच. "मशीन खोटं बोलत नाही, सर."

"मशीन खोटं कशाला बोलेल? नळीत जे आहे ते बोलतं. नळीत येण्याआधी बाईच्या अंगात किती होतं, हे मशीनला कोण सांगणार?"

मी म्हणाले, गर्दी आहे, नंतर बोलू.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. बाहेर बोचरी थंडी होती आणि देवीच्या टेकडीवर धुकं उतरलेलं दिसत होतं. ते आत आले, पण या वेळी त्यांनी कपडे उतरवले नाहीत. रिसेप्शनच्या समोरच्या बाकावर डावा हात छातीशी धरून अर्धा तास बसले. मी काचेतून बघत होते आणि मुद्दाम आतच थांबले. शेवटी मी बाहेर आले तेव्हा त्यांनी बंडीतून एकच नळी काढली.

"मावशीचं आहे. सकाळी सातला काढलंय. तिचे पाय उचलत नाहीत. म्हणते, 'पग में जान नी है, सरजी.' एकदा फिरव फक्त. मग हवं तर फेकून दे."

मला 'तू' म्हणाले. मॅडम विसरले होते, किंवा ती वेळ मॅडम म्हणायची नव्हती.

आमच्याकडे नमुन्याचं तापमान बघायचं नवं यंत्र आलं होतं, पिस्तुलासारखं. मी ते सरांच्या हातातल्या नळीवर रोखलं. चौतीस अंश. रिसेप्शनिस्ट बघत होती, दोन पेशंट बघत होते. मी रजिस्टर ओढलं आणि माझ्या हाताने लिहिलं: नमुना अस्वीकृत, तापमान नियमाबाहेर. खाली सही केली.

"नियम सगळ्यांना सारखा, सर. उद्या बर्फातून पाठवा, मी स्वतः बघेन."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि आज मला हे इतकं लागलं नसतं. त्यांनी नळी पुन्हा बंडीच्या खिशात घातली, एकेक करून बटणं लावली, मफलर गुंडाळला आणि निघून गेले. जाताना दार हळू लावलं. बाकावरच्या पेशंटला थंडी वाजू नये म्हणून असेल.

तिथून ते तसेच इंदूरला गेले. एका लॅबमध्ये तासाभरात तपासणी झाली. पोटॅशियम इतकं खाली होतं की तिथल्या माणसाने रिपोर्ट छापायच्या आधी धारच्या डॉक्टरांना फोन केला. मावशींना त्याच संध्याकाळी दाखल केलं, सलाइन लागलं. त्यांच्या हृदयाचे ठोके तोपर्यंत चुकायला लागले होते. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "उद्या बर्फातून पाठवा" म्हणजे मी तोच एक दिवस मागितला होता. पाच दिवसांनी मावशी आपल्या पायांनी चालत घरी गेल्या.

त्यानंतर सर आले ते माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. इंदूरचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "बर्फातून आलेले असे किती रिपोर्ट गेले असतील, धारचे?"

मी म्हणाले, दोन महिन्यांचे.

"सगळ्यांना चिठ्ठी पाठव. रिपोर्ट रद्द समजा, पुन्हा तपासून घ्या. एवढंच लिही. त्यांच्या डॉक्टरांना पण."

पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्राची पाहणी होती. चिठ्ठ्या गेल्या असत्या तर सगळं संपलं असतं. मी तसं सांगितलं. पाहणी होऊ द्या, मग बघू, असं काहीतरी बोलले.

"तोपर्यंत एखादी मावशी गेली तर?"

सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघायचे तसेच बघत होते, रागाने नाही. मग म्हणाले, "बरं. यादी दे. मी बघतो."

मी यादी छापून दिली. दुसरं काय करणार होते!

ते यादी घेऊन घरोघर गेले. सत्तरी उलटलेला माणूस, धारच्या गल्ल्यांतून पायी. प्रत्येक दारात उभं राहून सांगत की तुमचं रक्त पुन्हा द्यावं लागेल, पैसे नाहीत, मी आत्ताच काढतो. लोक विचारत, का? आधीच्याला काय झालं? तेव्हा त्यांनी काय सांगितलं हे मला आठवड्याने धारच्या डॉक्टरांच्या फोनवरून कळलं.

"मॅडम, आपके वो बुजुर्ग सर... खुद ही बोल रहे हैं कि ले जाने में उनसे गलती हो गई, सैंपल उन्होंने खराब कर दिए. अच्छे आदमी हैं, पर अब उम्र हो गई. आप किसी और को रख लो."

मी फोन कानाशी धरून उभी होते. 'नाही डॉक्टर, चूक माझी आहे,' हे वाक्य हिंदीत काही अवघड नाही. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं आहे. मी म्हणाले, "जी. मैं देखती हूँ."

आणि खरंच बघितलं. महिन्याभरात धारचं सेंटर बंद केल्याचं पत्र पाठवलं. कारण लिहिलं, प्रशासकीय. सरांनी पत्राच्या पोचपावतीवर सही करून दिली. बर्फाची पेटी, सुया, उरलेल्या नळ्या असं सगळं सामान व्यवस्थित बांधून त्यांनी गाडीने परत पाठवलं, वर 'काच आहे, सावकाश' अशी चिठ्ठी चिकटवून.

प्रमाणपत्र मिळालं. ते आजही भिंतीवर आहे. त्यानंतर मी गुपचूप नियम बदलला. प्रत्येक सेंटरला रक्त फिरवायचं छोटं मशीन दिलं, की तिथल्या तिथे वरचं पाणी वेगळं करून मगच बर्फात ठेवायचं. सर जे म्हणाले होते तेच, शब्दन् शब्द. पुढे लॅबवाल्यांच्या एका बैठकीत मला यावर बोलायला बोलावलं. मी तांबड्या पेशीच्या आवरणावर बोलले, तीन बाहेर दोन आत, गारठा, गळती, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने उठून विचारलं की मॅडम, इतकं सोपं करून सांगायला कुठे शिकलात? मी म्हणाले, अनुभवातून.

सरांकडे त्यानंतर मी गेले नाही. धारला जायचं काम निघालं की दुसऱ्या कुणाला पाठवायचे. कानावर येत असे की गल्लीतले लोक आता त्यांना सर म्हणत नाहीत, खराब खूनवाले म्हणतात, आणि पोरं काखेत हात घालून त्यांच्यामागे चालतात. ती नक्कल लोकांनी कुठून उचलली, मला माहीत नाही. माझी नसावी, अशी मी मनाची समजूत घालते.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, त्यातही माझा भित्रेपणा आहे. मी मराठी वाचायला शिकले तीच मुळी मोठेपणी, सरांच्या घरच्या कपाटातली पुस्तकं एकेक अक्षर लावून. धारमध्ये आम्हा मराठी लोकांची पुढची पिढी घरात मराठी बोलते, पण वाचत नाही. ते डॉक्टर वाचणार नाहीत, मावशी वाचणार नाहीत, गल्लीतलं कुणी वाचणार नाही. ज्यांना हे कळायला हवं त्यांच्यापैकी मराठी वाचणारं माणूस एकच, काकू, आणि त्यांना मोतीबिंदूमुळे आता दिसत नाही.

गेल्या वर्षी सर गेले. तेराव्याला मी गेले नाही. महिन्याने एका दुपारी गेले, कुणी नसेल अशी वेळ बघून. मनाशी ठरवून गेले होते की आज काकूंना सगळं सांगायचं. बसमध्ये वाक्यं जुळवत होते.

काकूंनी आवाजावरून ओळखलं. हाताला धरून आत नेलं, जमिनीवर सतरंजी घातली होती तिथे बसवलं. डबे चाचपून लाडू काढला, माझ्या हातात ठेवला. मी "काकू, मला तुम्हाला..." म्हणून सुरुवात केली, पण त्यांनी माझा हात दाबला.

"थांब गं. आधी मला बोलू दे. किती दिवसांपासून मनात आहे, पण तू आलीच नाहीस. ह्यांच्या हातून ते रक्त खराब झालं ना, तेव्हापासून मला झोप नाही. तुझ्या लॅबचं नाव बुडायची वेळ आणली ह्यांनी. मी विचारलं की नुसतं म्हणायचे, झाली चूक, जाऊ दे. तुला एकदा जाऊन भेटा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. आणि तू बघ, तोंडातून चकार शब्द काढला नाहीस कुणापाशी. सगळं पोटात घातलंस. ह्यांच्या वतीने मी तुझी माफी मागते, बाळा."

त्यांनी खरोखर हात जोडले. ते माझ्या डाव्या खांद्याच्या दिशेने जोडले गेले, कारण मी नेमकी कुठे बसले आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं माझ्यापाशी होती. एकही विसरले नव्हते. मी काकूंचे जोडलेले हात हातांत घेतले आणि म्हणाले, "असू द्या, काकू. वय झालं होतं त्यांचं."